माझ्या मापाची सॅक

दिल्लीत थंडीच्या आधी सातवीण फुलते. दुपारी ऑफिसात पंखे फिरतच असतात, स्वेटर अजून दिवाणाच्या पोटात असतात, आणि एका संध्याकाळी कॉलनीच्या फाटकाशी पोचलं की झाड दिसायच्या आधी त्याचा वास येऊन गाठतो. गोड, पण जरा अंगावर येणारा. सकाळी बघावं तर फुटपाथवर हिरवट पांढऱ्या फुलांचा चुरा पडलेला असतो. आमच्या शेजाऱ्यांची या वासाने डोकी दुखतात. ते खिडक्या लावून घेतात. मी उघडते.

परवा तसंच झालं. हातात भाजीची पिशवी, खांद्यावर ऑफिसची पर्स, आणि वास आला म्हणून मी फाटकाशीच थांबले. लोकांना या वासाने दिवाळी आठवते, दुर्गापूजेचे मांडव आठवतात. मला नवं नायलॉन आठवतं. नवं नायलॉन, पुठ्ठ्याचं खोकं आणि बक्कलांच्या प्लॅस्टिकला येतो तो किंचित तेलकट वास. ज्या वर्षी माझी सॅक आली, त्या वर्षी ती आणि सातवीण एकाच आठवड्यात आल्या. तेव्हापासून हे दोन वास माझ्या नाकात एकमेकांचा हात धरून येतात.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली होती. पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन. पावसाळा सरता सरता उपचार संपले. डॉक्टरबाईंनी शेवटच्या भेटीत माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की आता तुम्ही बऱ्या आहात, तपासणीला येत राहा. त्या वर्षभरात मला कुठलाच वास सहन होत नसे. फोडणी नको, उदबत्ती नको, माझ्या नवऱ्याचा, अविनाशचा, दाढीचा साबण नको. बिचाऱ्याने तो बदलला. म्हणून त्या ऑक्टोबरात सातविणीचा वास आला आणि मळमळलं नाही, तेव्हा मी गॅलरीत बराच वेळ उभी राहिले. वास घेणं हीसुद्धा एक तब्येत असते, हे तोवर माहीत नव्हतं.

माझे केस बोटभर वाढले होते, शाळकरी मुलासारखे. दिसायला मी बरी दिसत होते. पण माझ्या हातात कुणी काही राहू देत नव्हतं. काखेतल्या ग्रंथी काढल्या होत्या, त्यामुळे डावा हात सुजू नये म्हणून जपायचा होता. डावा हात जपायचा म्हणजे हळूहळू सगळी मीच जपायची वस्तू झाले. भाजी घेतली की अविनाश पिशवी काढून घ्यायचा. ऑफिसात कपाटातून फाइल काढायला गेले की कुणीतरी उठायचं, "मॅडम, रहने दीजिए." लिफ्टमध्ये शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी माझी पर्स धरायची. सगळी माणसं चांगली होती. कुणावर चिडावं असं कुणी काही करत नव्हतं, आणि म्हणून चिडायलाही जागा उरली नव्हती. संध्याकाळी रिकामे हात मांडीवर घेऊन बसले की वाटायचं, हे कुणाचे हात आहेत?

आजाराच्या आधी मी आणि शाहीन दर शरदात डोंगरात जायचो. शाहीन मुल्ला माझी मैत्रीण. ती सोलापूरची, मी नाशिकची. दोघी बदल्या होऊन दिल्लीत आलो, वेगवेगळ्या मंत्रालयांत, पण राहायला लक्ष्मीबाई नगरातच, समोरासमोरच्या इमारतींत. आम्ही काही मोठ्या गिर्यारोहक नव्हतो. दिवाळीच्या आगेमागे चार रजा जोडून घ्यायच्या, उत्तराखंडातली एखादी सोपी चढण गाठायची, तंबूत राहायचं, आणि परत येऊन वर्षभर त्याच गप्पा मारायच्या, एवढंच. माझी जुनी सॅक निळी होती, पट्टे एकसंध शिवलेले. त्या सप्टेंबरात ती माळ्यावरून काढून मी आरशासमोर पाठीवर घेतली. रिकामीच होती. तरी डावा पट्टा बरोबर तिथे टेकला, जिथे अजून माझा स्वतःचा हातही टेकत नव्हता. मी ती उतरवली आणि मुलीला देऊन टाकली.

मुलगी म्हणजे ईशा. ती मुनिरकात मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची, विद्यापीठ जवळ म्हणून. जुनी सॅक तिने धुण्याचे कपडे घरी आणायला वापरायला काढली. दर शनिवारी ती निळी सॅक फुगून घरी यायची आणि मला काही वाटत नाही असं मी दाखवायचे.

मग एक दिवस फोनवर बघता बघता ही दुसरी सॅक दिसली. मॉड्युलर. म्हणजे हिचं सगळं सुटं होतं. खांद्याचे पट्टे सुटे, कमरपट्टा सुटा, बाजूचे खिसे सुटे, वरचं टोपणसुद्धा काढून छोटी बॅग म्हणून वेगळं वापरता येईल असं. ज्याच्या त्याच्या पाठीप्रमाणे जोडून घ्यायची. मी ते चित्र पुष्कळ वेळ बघत बसले. शिवून आलेल्या वस्तूपुढे माणसाला आपलं अंग बदलावं लागतं. माझं आता जेवढं बदलायचं तेवढं बदलून झालं होतं. मी कुणाला न विचारता ती मागवली.

ती आली तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते आणि अविनाश सुट्टी घेऊन घरी होता. डिलिव्हरीचा ओटीपी माझ्या फोनवर आला, म्हणून त्याला मला फोन करावाच लागला. काय मागवलंयस, त्याने विचारलं. खोकं मोठं आहे पण हलकं आहे, म्हणाला. मी बाहेर येऊन हळूच सांगितलं, सॅक आहे. पलीकडे डिलिव्हरीवाला खाकरला.

"अच्छा," अविनाश म्हणाला. "नंबर सांग."

अविनाशबद्दल सांगायला हवं. तो सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर, बोलणं मोजकं. आजारपणाच्या वर्षात तो एकदाही खचल्यासारखा दिसला नाही. हॉस्पिटलच्या फाइल्स तारखेवार लावल्या, डबे केले, माझे केस गळाले तेव्हा उशीचे अभ्रे न बोलता रोज बदलले. लोक मला म्हणायचे, नशीबवान आहेस. होतेच. पण त्या वर्षाने त्याचं काय केलं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही, कारण तेव्हा विचारण्याएवढी ताकद माझ्यात नव्हती.

मी घरी आले तेव्हा खोकं दिवाणावर होतं, न उघडलेलं. दुसऱ्या दिवशी ईशा आल्यावर आम्ही दोघींनी ते पलंगावर उघडलं. चादरीवर भाग मांडत गेलो. राखाडी पोटाची मुख्य पिशवी, तिच्या पाठीत घालायची अॅल्युमिनियमची पट्टी, जाड कमरपट्टा, पंखांसारखे दोन खांदेपट्टे, खिसे, नाड्या, कड्या. पलंग भरून गेला. एवढ्याशा गोष्टीला इतके अवयव असतील असं वाटलं नव्हतं. सूचनांच्या कागदावर फक्त चित्रं होती, एक बिनचेहऱ्याचा माणूस आणि बाण.

ईशा दिल्लीतच वाढली, त्यामुळे तिचं मराठी घरगुती आहे पण त्यात भोकं आहेत. मी म्हटलं, हे टोक त्या खोबणीत सरकव. ती थांबली. "खोबण म्हणजे?" तिने विचारलं. मी पलंगाच्या ड्रॉवरची फट दाखवली, ज्यात ड्रॉवर सरकतो ती. "अच्छा, ग्रूव्ह." मग ती तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, खोबण, खोबण, नव्या चपला घालून घरात फिरावं तशी. त्या दुपारी तिला मी बंद, कडी, चाप, दुमड असे कितीतरी शब्द दिले. त्यांतले काही माझ्याच तोंडून कित्येक वर्षांत बाहेर पडले नव्हते. नाशिकच्या घरी आई गोधड्या शिवताना ते वापरायची.

पाठीचं माप घ्यायचं होतं. मानेखाली एक हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत. ईशाने शिवणकामाची टेप आणली आणि माझ्या मागे उभी राहिली. तिची बोटं गार होती. मानेवर हाड शोधत ती म्हणाली, "आई, हलू नकोस ना यार." आणि माझे डोळे भरून आले. ते तिला दिसले नाहीत, कारण ती मागे होती. त्या वर्षभरात माझ्या अंगाची किती मापं घेतली गेली होती. गाठीचं माप, रक्ताची मापं, रेडिएशनच्या टेबलावर अंगावर काढलेल्या निळ्या रेघा. प्रत्येक माप माझ्यात काय बिघडलंय हे शोधायला घेतलेलं. हे पहिलं माप होतं जे फक्त माझी पाठ केवढी आहे एवढंच विचारत होतं. माझी पाठ, तिला काहीही झालं नव्हतं. वर्षभर ती बिचारी निमूटपणे माझ्या मागे उभी होती आणि कुणाचं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

सगळं चित्राबरहुकूम जोडलं. आत आधी उशी घातली, मग ईशाने स्वयंपाकघरातून तांदळाची पिशवी आणली. मी सॅक पाठीवर घेतली, कमरपट्टा लावला, खांद्याचे पट्टे ओढले. छातीवरून दोन पट्ट्यांना जोडणारा एक आडवा बंद असतो, तो लावला. टक्क आवाज झाला आणि कुणी चिमटीत धरून पिळावं तशी कळ आली. तो बंद थेट व्रणावरून जात होता. मी घाईघाईने चाप सोडवायला लागले तर तो सुटेना. ईशा घाबरली. शेवटी सुटला. मी पलंगावर बसले, सुट्या खिशांच्या मधेच.

अविनाश दारात उभा होता. कधीपासून ते माहीत नाही. तो शांतपणे म्हणाला की परत करायची मुदत अजून आहे, मी उद्या पॅक करून ठेवतो. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, कशाला? डोंगर कुठे जात नाहीत. मग आमचं बोलणं वाढत गेलं. तो ओरडला नाही, मीही नाही. तो म्हणाला की वरती काही झालं तर तिथे डॉक्टर नाही, रस्ता नाही, फोन नाही. मी म्हटलं, काय होईल? त्याने माझ्या डाव्या हाताकडे बघितलं.

मग मी जे म्हटलं ते म्हणायचं ठरवलेलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाल्या मी बरी झाले. अविनाश, तू कधी म्हणणार?"

तो वळून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा, पातेलं ठेवल्याचा आवाज आला. ईशा खाली मान घालून नाड्यांची वेटोळी करत होती, ती तशीच करत राहिली. थोड्या वेळाने तीन कप चहा आला. आम्ही तो प्यायलो.

पुढचे काही दिवस ती अर्धवट जोडलेली सॅक खोलीच्या कोपऱ्यात होती. सकाळी उठले की आधी तीच दिसायची. परत करावी असंही वाटायचं. माणसाचा हट्ट कुठे संपतो आणि इच्छा कुठे सुरू होते हे ओळखणं अवघड आहे. मला डोंगर हवा होता, की आजारपण झालंच नाही असं दाखवायचं होतं? दुसरं असेल तर अविनाशचं बरोबर होतं. खिडकीतून सातविणीचा वास येत राहायचा आणि मी रिकाम्या हातांनी विचार करत राहायचे.

रविवारी शाहीन आली. ती आली की घरात दोन माणसं आल्यासारखं वाटतं. अंगाने भरलेली, गुडघ्यांनी त्रासलेली, आवाज मोकळा. तिने आधी कोपऱ्यातली सॅक स्वतःच्या पाठीवर चढवून आरशात पाहिलं, मी यात साबुदाण्याचं पोतं दिसते म्हणाली, आणि उतरवून जमिनीवर मांडी घालून बसली. काय झालं ते मी सांगितलं. तिने माझा हात, व्रण, कुठे दुखतं, कुठे नुसतं बधिर आहे, सगळं नीट विचारून घेतलं. आजारपणाबद्दल इतके सरळ प्रश्न मला डॉक्टरांशिवाय कुणी विचारले नव्हते. लोक त्या भागाचं नावही घेत नसत.

"ह्याचं सगळं सुटतं ना?" ती म्हणाली. "मग सोडू या. त्या चित्रातल्या बाबाला ऑपरेशन झालेलं नाही."

आम्ही सगळं सोडलं. मग उलट बाजूने सुरुवात केली. आधी कमरपट्टा, कमरेच्या हाडांवर घट्ट, सगळा भार तिथे. खांद्याचे पट्टे फक्त सॅक मागे पडू नये इतपत, अगदी सैल. डावीकडचे खिसे काढून उजवीकडे आणि मागे लावले. छातीचा बंद काढूनच टाकला, पण मग खांद्याचे पट्टे बाहेर घसरायला लागले. शाहीनने तो बंद खोबणीतून सरकवत सरकवत पार वर आणला, गळ्याच्या हाडाच्या जरा खाली, व्रणापासून लांब. सैल लावला. मी श्वास घेऊन बघितला. काही झालं नाही.

पण पाठीत काहीतरी टोचत होतं. आतली अॅल्युमिनियमची पट्टी माझ्या पाठीच्या वळणाला लागत नव्हती. अविनाश इतका वेळ पेपर वाचत होता, म्हणजे एकच पान उघडून बसला होता. तो उठून आला आणि माझ्या मागे उभा राहिला. त्याने सॅकखालून हात घालून माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि हळूहळू खाली नेला.

"पट्टी सरळ आहे," तो म्हणाला. "तुझी पाठ इथे आत जाते."

त्याने सॅक उतरवून पट्टी बाहेर काढली. गुडघ्यावर ठेवून थोडी वाकवली, माझ्या पाठीला लावून पाहिली, पुन्हा थोडी वाकवली. मी पाठमोरी उभी होते. दर वेळी आधी गार धातू लागायचा आणि मग त्याचा तळवा. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा हात मला पाठ होता, पण गेल्या वर्षात तो हात नेहमी काहीतरी तपासत असे, ताप आहे का, सूज आहे का. आता तो फक्त वळण शोधत होता. शेवटी पट्टी आत गेली आणि सॅक पाठीला अशी टेकली की जणू कुणी मागून अलगद धरलं आहे.

परत करायचं तो पुन्हा बोलला नाही. जा असंही म्हणाला नाही.

फिजिओथेरपिस्टला मी सॅक घेऊनच भेटले. तिने सूज येऊ नये म्हणून हाताला घट्ट, दाबाची बाही घालायला सांगितली, वजन जरा जरा वाढवा, हात जड वाटला की थांबा, म्हणाली. मग सकाळी संजय वनात सराव सुरू झाला. मुनिरका तिथून जवळ, त्यामुळे ईशा झोपाळलेल्या डोळ्यांनी, ट्रॅकसूटच्या खिशात हात घालून यायची. कीकराची काटेरी झाडं, धुळीची वाट, अचानक समोरून चालत जाणारा मोर, आणि झाडांच्या वर दिल्लीचं ते दिवाळीआधीचं आभाळ, ज्याचा निळा रंग रोज थोडा थोडा पुसला जातो. पाठीवर तांदूळ. एकदा रोज फिरायला येणाऱ्या एका काकांनी न राहवून विचारलंच की मॅडम, यात रोज काय घेऊन जाता. मी म्हटलं, चावल. त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली, जणू कळलं. ईशा नंतर वाटभर हसत होती. मला आठवतं, त्या हसण्यात मीही होते, आणि पाठीवरचं वजन हसताना हलतं हे मला नव्याने कळलं.

काही सकाळी हात जड व्हायचा. मग तांदूळ काढून ईशाकडे द्यायचे आणि रिकामी सॅक घेऊन परत यायचं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी रडकुंडीला आले होते. नंतर नाही. आजही हाताला बाही लागते, पुढच्या आठवड्यात वर्षाची तपासणी आहे, आणि तपासणीच्या आधीचे दिवस कधीच सोपे नसतात. सॅकचा राखाडी रंग उन्हाने पिवळट झालाय. एक खिसा हरवला. ईशा आता बंगळुरूला नोकरी करते, फोनवर मला "खोबण" म्हणून दाखवते. सगळं बरं झालं असं म्हणायची मला सवय राहिलेली नाही. चालू आहे, असं म्हणते.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. दिल्ली धुरात बुडाली होती, डोळे चुरचुरत होते. अविनाश बस अड्ड्यावर सोडायला आला. गाडीच्या डिकीतून सॅक काढताना त्याचे हात सवयीने पुढे झाले, आणि मग त्याने ते मागे घेतले आणि डिकीचं झाकण धरून उभा राहिला. मी सॅक उचलली. आधी गुडघ्यावर, मग उजव्या खांद्यावर, मग कमरेवर पट्टा. वेळ लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तो हलला नाही.

चढण मसुरीच्या पलीकडची, सोपीच. शाहीनने पायथ्याशीच आपली बॅग खेचराच्या पाठीवर टाकली. आपले गुडघे आणि खेचराचे गुडघे यांत कुणाचे चांगले हे मला माहीत आहे, म्हणाली. तिला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. तिला तसं बघून मला माझा प्रश्न जरा हलका झाल्यासारखा वाटला. ओझं वाहण्यात मोठेपणा नाहीच. मला फक्त माझं किती, हे माझ्याच पाठीला विचारून ठरवायचं होतं.

पहिला दिवस बरा गेला. ओकची झाडं, सावलीतला गारवा, पायाखाली कुरकुरणारी पानं. धापा टाकत का होईना, पण मी चढत होते, आणि पाठीवरची वस्तू माझ्याबरोबर श्वास घेत होती. दुसऱ्या दिवशी उभी चढण लागली आणि अर्ध्यात डावा हात भरून आला. बाहीच्या आत बोटं ताठली. मी एका दगडावर बसले. शाहीनने मागून येऊन बघितलं. मी सॅकचं वरचं टोपण सोडवलं, मागचा मोठा खिसा सोडवला, त्यात जड सामान भरलं आणि खेचरवाल्या भैयांच्या हाती दिलं. ते त्यांनी दोरीने बांधलं. राहिलेली सॅक निम्मीही नव्हती. ती मी परत पाठीवर घेतली. वर्षभर लोक माझ्या हातातून वस्तू काढून घेत होते. त्या दिवशी मी स्वतःहून काहीतरी दिलं, आणि उरलेलं माझ्याकडे राहिलं.

दुपार कलताना आम्ही डोंगराच्या धारेवर पोचलो. वारा होता. शाहीन गवतावर आडवी झाली आणि टोपी तोंडावर घेऊन झोपलीच. मी सॅक उतरवून तिला टेकून बसले. फोन बघितला तर नेटवर्कची एक काडी येत होती, जात होती. अविनाशला लावला. लागला.

गेल्या वर्षभरात आमचा जवळजवळ प्रत्येक फोन त्याच्या एकाच प्रश्नाने सुरू व्हायचा. ऑफिसातून केला तरी, बाजारातून केला तरी. दुखतंय का? मी उत्तर तयारच ठेवलं होतं. हात जरा भरला होता, आता ठीक आहे, सामान दिलं खेचरावर, काळजी करू नकोस. पलीकडून आधी वाऱ्याचाच आवाज आला, माझ्या बाजूचा. मग त्याचा आवाज आला.

"तिथून काय काय दिसतंय?"

मी समोर बघितलं. बर्फाची शिखरं एका रांगेत उन्हात उभी होती. एकाचंही नाव मला धड माहीत नव्हतं. मी डावीकडून सुरुवात केली.